साडेबारा इंचांचा हिशेब

मे महिन्यात आमच्या झाशीत दुपारी एक ते पाच कोणी कोणाचं दार वाजवत नाही. पारा पंचेचाळीसच्या आसपास, रस्ते रिकामे, कुत्री गाड्यांच्या खाली. त्या चार तासांत माझा धाकटा भाऊ झोपायचा आणि त्याचा लॅपटॉप मला मिळायचा. दोन वर्षं माझी नोकरी म्हणा, धंदा म्हणा, त्या चार तासांवर चालला होता.

मी कंटेंट रायटर आहे. इथूनच इंग्रजी घेऊन बी.ए. केलं आणि शब्दांवर पैसे मिळतात हे कळल्यावर लिहायला लागले. कधी पावसाळ्यात केसांची निगा, कधी गृहकर्जाची माहिती, कधी उपवासाचे पदार्थ. हिंदी आणि इंग्रजीत जास्त, मराठीत थोडं. मराठीचं काम देणारे पुण्या-मुंबईचे लोक पहिल्याच फोनवर विचारतात, "झाशीत मराठी कशी काय?" मग मी सांगते की १७४२ साली पेशव्यांचे सुभेदार नारोशंकर इथे आले, पुढे नेवाळकर आले, आणि त्यांच्याबरोबर आलेली बरीच घरं परत गेलीच नाहीत. आमचं घर त्यांतलंच. उंबऱ्याच्या आत मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी-बुंदेली, अशी आमची विभागणी आहे.

तर गेल्या मे महिन्यात भावाला भोपाळच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. जुलैत तो जाणार आणि लॅपटॉपही त्याच्याबरोबर जाणार. घरात सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला, पण रात्री झोप आली नाही.

फोनवर लिहून पाहिलं

तुमच्यापैकी बरेच जण हे फोनवरच वाचत असाल, म्हणून प्रामाणिकपणे सांगते. मी आधी ठरवलं होतं की लॅपटॉप नकोच, फोनवर लिहीन. एक आठवडा तसं केलंसुद्धा. दिवसाला आठशे शब्द झाले आणि उजवा अंगठा सुजला. भावाच्या लॅपटॉपवर तेवढ्याच वेळात दोन हजार व्हायचे.

दुसरी अडचण मराठीची. इथल्या सवयीने माझ्या फोनवर हिंदी कीबोर्डच असायचा. घाईत तोच चालू राहिला की 'ळ' शोधत बसावं लागे, नाहीतर फोन स्वतःच सुधारणा करी. 'काळ बदलला' असं लिहायला जावं तर 'काल बदलला' व्हायचं. बोलून टाइप करायची सोयही वापरून पाहिली. माझं बोलणं तिला बऱ्यापैकी समजायचं, आजीचं मात्र अजिबात नाही.

आजीचं कशाला, ते सांगायला हवं. माझी आजी त्र्याऐंशी वर्षांची आहे. १९६० साली सागरहून लग्न होऊन झाशीत आली. तिच्या मराठीत अर्धी झाशी मिसळलेली आहे. दुपारला ती 'दुपरिया' म्हणते. महुआ कसा वेचायचा, लग्नात सागरहून येताना गाडीत कोण कोण होतं, तिच्या सासूबाई पुरणाची डाळ कशावर वाटायच्या, विहिरीवर कोणत्या घरच्या बायकांचं कोणाशी पटायचं नाही, असं सगळं ती दुपारी आडवं पडून सांगते. मी ते वहीत लिहायचा प्रयत्न केला होता. पण माझा हात तिच्या बोलण्यामागे पोचत नाही, आणि ती थांबली की पुन्हा तिथून सुरू करत नाही. भावाचा लॅपटॉप पंधरा इंचांचा, गेम खेळायचा, सव्वादोन किलोचा. त्याचा पंखा एवढा आवाज करतो की आजी म्हणते, "ते आटाचक्कीचं यंत्र इथे आणू नकोस." शिवाय चार्जरशिवाय तो दोन तासही टिकत नाही.

म्हणजे मला काय हवं होतं? लहान यंत्र, जे आजीच्या खाटेशेजारी मांडीवर मावेल. वीज गेली तरी चालेल असं. टाइप करायला चांगलं. गेम, सिनेमे, व्हिडिओ एडिटिंग काही नको. आणि माझ्याकडे होते बावीस हजार चारशे रुपये.

एका जुन्या यंत्रावर जीव जडला

बावीस हजारांत नवा लॅपटॉप मिळतो, नाही असं नाही. पण मी दुकानात पाहिलेल्यांचा कीबोर्ड मधोमध दाबला की वाकायचा, आणि स्टोरेज इतकं कमी की वर्षभरात भरून जाईल. भाऊ म्हणाला, "ताई, नवीन घेण्यापेक्षा जुना थिंकपॅड बघ."

थिंकपॅड हे नाव १९९२ पासूनचं. आधी आयबीएमचं, २००५ पासून लेनोव्होचं. काळा, चौकोनी, एखाद्या डब्यासारखा दिसणारा. कीबोर्डच्या मधोमध जी, एच आणि बी या कळांच्या बेचक्यात एक लाल ठिपका असतो, तो बोटाने ढकलून माउसचं काम होतं. मोठ्या कंपन्या असे लॅपटॉप शेकड्यांनी घेतात, तीन-चार वर्षं वापरतात आणि एकदम काढून टाकतात. मग ते दिल्लीच्या नेहरू प्लेससारख्या बाजारात येतात, साफसूफ होतात आणि तिथून आमच्यासारख्या गावांत पोचतात.

एलाइट चौराह्याजवळच्या एका गल्लीतल्या दुकानात मला त्यातला एक्स-२७० दिसला. २०१७ सालचं मॉडेल. पडदा साडेबारा इंचांचा, वजन साधारण दीड किलो. आठ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी. किंमत पंधरा हजार पाचशे.

मी त्याच्या प्रेमात पडले ती त्याच्या दोन बॅटऱ्यांमुळे. एक आत बसवलेली आणि दुसरी मागच्या बाजूला, खटके सरकवले की हातात येणारी. आतली बॅटरी यंत्र चालू ठेवते, म्हणून मागची संपली तर लॅपटॉप बंद न करता दुसरी भरलेली लावता येते. ज्या घरात उन्हाळ्यात रोज संध्याकाळी वीज जाते, तिथल्या माणसाला या गोष्टीचं काय वाटतं ते वेगळं सांगायला नको. रॅमसुद्धा पट्टीच्या रूपात, काढून मोठी घालता येणारी. एसएसडीही बदलता येणारी. म्हणजे जे झिजतं किंवा कमी पडतं ते बरंचसं बदलता येतं.

त्याच दुकानात त्याचा धाकटा भाऊ होता, एक्स-२८०. २०१८ सालचा, अजून हलका, अजून सडपातळ. किंमत एकवीस हजार पाचशे. त्याची बॅटरी पूर्ण आत, आणि रॅम मदरबोर्डवरच डाग देऊन बसवलेली. घेताना जेवढी, तेवढीच शेवटपर्यंत.

मग प्रश्न कसला? एक्स-२७० स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा, तोच घ्यावा. पण त्यात एक गोम होती, आणि ती मोठी होती. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीचे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद करायचं जाहीर केलं होतं. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. समोरचा एक्स-२७० सातव्या पिढीचा होता, एक्स-२८० आठव्या. एका पिढीच्या फरकाने एक यंत्र आत आणि दुसरं बाहेर. मे महिन्यात घेतलेला लॅपटॉप दिवाळीच्या आत 'जुना' ठरणार होता.

सगळ्यांचा सल्ला: थांब

घरी विषय काढला तेव्हा सगळ्यांनी एकच शब्द सांगितला.

आई म्हणाली, "दिवाळीत सेल लागतो. तेव्हा चांगला नवा घे, हप्त्यांवर. जुनं लोकांनी वापरलेलं कशाला?"

काका म्हणाले, "आठ वर्षांचा लॅपटॉप म्हणजे म्हातारी म्हैस. दूध देईल, पण किती दिवस?"

भाऊ म्हणाला, "ताई, घ्यायचाच तर एक्स-२८० घे. विंडोज ११ चालेल, डोक्याला ताप नाही."

बाबा काही बोलले नाहीत. ते जिन्याखाली इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालत होते. ही बॅटरी सहा वर्षांची. एप्रिलपासून ती एक पंखाही धड अर्धा तास चालवत नव्हती. नवी घ्यायची तर जुनी परत देऊनही चौदा हजार लागणार होते. बाबांनी अर्ध्याची सोय केली होती, हे मला आईकडून कळलं. बाकीच्या अर्ध्याबद्दल ते कोणाशी बोलले नव्हते.

मी विचारलं, "बाबा, बॅटरीचं काय करताय?"

ते म्हणाले, "ते मी बघतो. तू तुझ्या कामाचं बघ."

आमच्या घरात 'मी बघतो' याचा अर्थ 'सध्या जमत नाही' असा असतो.

आता हिशेब बदलला. एक्स-२८० घेतला तर माझे पैसे संपले आणि आजी रात्री पंख्याशिवाय. थांबले तर इन्व्हर्टर होईल, पण जुलैपासून मी पुन्हा अंगठ्यावर. दिवाळीत हप्त्यांवर नवा घेतला तर पंचेचाळीस हजारांचं ओझं, महिन्याला जवळपास चार हजार, आणि शब्दांवर पैसे मिळणाऱ्याला महिन्याचा भरवसा नसतो.

थांबण्याची किंमत

मी एक साधी गोष्ट केली. आठवडाभर वही ठेवली. वीज कधी गेली, किती वेळ गेली, त्या वेळी मी काय करत होते, किती शब्द झाले, आजी किती वेळ बोलली.

सात दिवसांत वीज नऊ वेळा गेली. एकदाच अडीच तास, बाकी वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत. म्हणजे दहा-बारा तास चालणाऱ्या बॅटरीची मला गरजच नव्हती. पाच-सहा तास खूप झाले. माझं सगळं काम ब्राउझरमध्ये, गूगल डॉक्सवर आणि मेलवर. एकही काम असं नव्हतं की जे विंडोजशिवाय अडेल. आणि आजी रोज सरासरी चाळीस मिनिटं बोलली. त्यातलं मी वहीत उतरवू शकले ते फार तर दीड-दोन पानं.

वही वाचताना लक्षात आलं की सगळे 'थांब' म्हणत होते तेव्हा कोणीही थांबण्याची किंमत सांगत नव्हतं. दिवाळीपर्यंत पाच महिने. रोजचे बाराशे शब्द कमी, म्हणजे महिन्याला माझं निम्म्याहून जास्त उत्पन्न गेलं. ते तरी मोजता येतं. आजीच्या पाच महिन्यांच्या दुपारी कशात मोजायच्या?

बाबांच्या कपाटात 'माझा प्रवास'ची जुनी प्रत आहे. झाशीच्या मराठी घरांत ती बहुधा असतेच. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८ च्या वेढ्यात इथे झाशीत होते. त्यांनी जे पाहिलं ते त्यांनी पुष्कळ वर्षांनी, म्हातारपणाकडे झुकल्यावर आठवून लिहिलं आणि ते छापून आलं १९०७ साली. त्यांची आठवण तल्लख होती आणि लिहून घेण्याचा आग्रह करणारं कोणीतरी होतं, म्हणून ते राहिलं. आमच्या आजीने वेढा पाहिलेला नाही. तिने विहीर पाहिली, सासू पाहिली, सागरची गाडी पाहिली. हे कोणी छापणार नाही. पण आमच्या घराला हवं आहे, आणि आजीला गोडसेभटजींसारखी वीस-पंचवीस वर्षं देता येणार नाहीत.

त्या रात्री मी वहीच्या शेवटच्या पानावर आकडे लिहिले. पंधरा हजार पाचशे लॅपटॉपला. साडेसहा हजार इन्व्हर्टरला. एकूण बावीस हजार. उरले चारशे. राहिलेले पाचशे घालणं बाबांना जड नव्हतं. सकाळी मी त्यांच्यासमोर वही ठेवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा बेरीज तपासली आणि म्हणाले, "चारशे रुपयांत बॅग येईल का त्याला?"

मला वाटतं, तोच होकार होता.

दुकानात दीड तास

जुना लॅपटॉप घ्यायला जाणाऱ्यांसाठी हा भाग जरा तपशिलात लिहिते. भावाने एका पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट घालून दिलं होतं. ही मोफत मिळणारी प्रणाली. पेन ड्राइव्हवरूनच चालू होते, लॅपटॉपमधलं काहीही न पुसता. ऑक्टोबरनंतर विंडोज नसेल तर हिच्यावर माझं काम चालेल का, हे पैसे देण्याआधी पाहायचं होतं.

दुकानदार म्हणाला, "दीदी, एकदम कंपनी का माल है, देखना क्या है?"

मी म्हटलं, "भैया, देखूँगी तो सही."

आधी बायोस उघडलं. लॅपटॉप चालू होताना एंटर दाबून त्यात जाता येतं. कंपन्यांकडून आलेल्या यंत्रांना कधी कधी तिथे सुपरवायझर पासवर्ड असतो. तो दुकानदाराला माहीत नसेल तर पुढे महत्त्वाच्या सेटिंग्ज बदलता येत नाहीत, आणि या लॅपटॉपमध्ये तो काढणं सोपं नसतं. इथे पासवर्ड नव्हता. तिथेच अनुक्रमांक दिसला, तो खालच्या लेबलशी जुळवला.

मग विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढला. भावाने कमांड कागदावर लिहून दिली होती. ती दिली की एक पान तयार होतं. त्यात बॅटरी नवी असताना किती वीज साठवायची आणि आता पूर्ण भरल्यावर किती साठवते, हे दोन्ही आकडे मिलिवॉट-तासांत असतात. मागची बॅटरी मूळ ४८ वॉट-तासांची होती, आता ३१. आतली २३ ची होती, आता १७. दोन्ही मिळून ४८. टाइप करताना यंत्र आठ वॉट खातं असं धरलं, तर सहा तास. वापरलेल्या यंत्राला हे वाईट नाही, आणि माझ्या वहीप्रमाणे पुरेसं होतं.

पडदा पाहताना मात्र माझा निर्णय वाचला. दुकानात दोन एक्स-२७० होते. एक तेरा हजार पाचशेचा, कमी ठिपक्यांच्या पडद्याचा. दुसरा पंधरा हजार पाचशेचा, फुल एचडी. स्वस्तावर इंग्रजी ठीक दिसत होतं, पण मराठी अक्षर लहान केलं की अनुस्वार आणि रफार एकमेकांत मिसळायचे, आणि बाजूने पाहिलं की रंग उडायचे. दिवसभर देवनागरी वाचणाऱ्याने हा फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. दोन हजार तिथे गेले, आणि योग्य गेले.

शेवटी पेन ड्राइव्ह लावला. वाय-फाय चाललं, आवाज चालला, कॅमेरा चालला. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड निवडला. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला असतात. मी तो तीन आठवडे रडत शिकले आणि आता त्याच्याशिवाय लिहिता येत नाही. एक ओळ टाइप केली, ज्यात ळ, ज्ञ, ॲ आणि 'दुसऱ्या'मधला ऱ्य होता. सगळं उमटलं. प्रत्येक कळ दाबून पाहिली. थिंकपॅडवर डावीकडे अगदी कोपऱ्यात एफएन असतं आणि कंट्रोल त्याच्या आत, म्हणून कॉपी करताना चारदा चुकले. हे दोन्ही बायोसमधून अदलाबदल करता येतात, ते घरी येऊन केलं.

दुकानदार एव्हाना खुर्ची ओढून शेजारी बसला होता. पडद्यावरची मराठी ओळ त्याने अक्षर अक्षर लावून वाचली. 'ळ'वर थांबून म्हणाला, "ये वाला हमारे यहाँ नहीं आता."

मी म्हटलं, "हमारे यहाँ आता है, भैया. किले के पीछे ही रहते हैं."

तो हसला. किंमत कमी केली नाही, पण तीन महिन्यांची हमी, अनुक्रमांक घातलेलं पक्कं बिल आणि एक बॅग दिली. बाबांचे चारशे वाचले.

ऑक्टोबर उलटून गेल्यावर

हे लिहिते आहे त्याला आता थंडीची चाहूल लागली आहे. इतक्या महिन्यांनंतर काय झालं, ते सांगून संपवते.

इन्व्हर्टरची बॅटरी जूनच्या पहिल्या आठवड्यात आली. आजी पहिल्या रात्री म्हणाली, "पंखा फार जोरात फिरतोय, कमी करा." बाबांनी इतकं समाधानाने रेग्युलेटर फिरवताना मी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

लॅपटॉप चांगला चालतो. त्याचा त्रासही आहे, तो लपवत नाही. खूप टॅब उघडले की आठ जीबी रॅम कमी पडते. मोठ्या पट्टीसाठी पैसे साठवते आहे, आणि ती बदलता येते याचं समाधान आहे. व्हिडिओ कॉलवर माझा चेहरा जुन्या टीव्हीवरच्यासारखा दिसतो. १४ ऑक्टोबरला संध्याकाळी भावाला फोनवर धरून मी लिनक्स मिंट कायमचं घातलं. विंडोज १० साठी घरगुती ग्राहकांना आणखी एक वर्ष, ऑक्टोबर २०२६ पर्यंत, अपडेट घेण्याची सोय आहे. पण मला म्हटलं, जे करायचंच आहे ते आता करू. पहिले चार दिवस चिडचिड झाली. प्रिंटर ऐकेना, फाइल कुठे ठेवली ते सापडेना. नोव्हेंबरात एका एजन्सीने असं काम देऊ केलं की ज्याला फक्त विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर लागत होतं. मला नाही म्हणावं लागलं. एक्स-२८० असता तर म्हणावं लागलं नसतं. भावाने फोनवर "मी सांगितलं होतं" असं म्हटलं नाही, पण मला ऐकू आलं.

म्हणून मी कोणाला 'हाच घ्या' असं सांगणार नाही. तुमचं काम विंडोजवर अडत असेल तर आठव्या पिढीच्या खालचं यंत्र घेऊ नका, ते कितीही गोड दिसलं तरी. हातात पैसे असतील आणि घाई नसेल तर दिवाळीची वाट पाहणंही शहाणपणाचंच. मी फक्त एवढं म्हणते की हिशेब करताना लॅपटॉपची किंमत लिहाल, तशी थांबण्याचीही लिहा. ती कधी शून्य असते. माझी नव्हती.

जूनपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मी आजीच्या खाटेशेजारी एकेचाळीस दुपारी बसले. यंत्र मांडीवर, पंखा त्यात जवळजवळ फिरतच नाही, म्हणून तिला त्याचा विसर पडायचा. ती बोलायची आणि मी टाइप करायचे, 'दुपरिया' तर 'दुपरिया'च. एकदा तिने विचारलं, "काय लिहितेस गं एवढं?" मी वाचून दाखवलं. ती ऐकून म्हणाली, "सासूबाईंचं ते विहिरीवरचं काढून टाक. त्यांच्या माहेरचे लोक अजून इथेच राहतात." मी काढलं. मग दुसऱ्या दिवशी म्हणाली, "राहू दे, खरं तर आहे."

सप्टेंबरात तिला ताप आला. दहा दिवसांत उतरला, ती आता बरी आहे, जेवते, देवपूजा करते. पण दुपारी पूर्वीसारखी बोलत नाही. मी शेजारी जाऊन बसते. कधी दोन वाक्यं सांगते, कधी माझ्याकडे पाहून डोळे मिटून घेते. मी लॅपटॉप उघडा ठेवते. बॅटरी सहा तास टिकते.